झेंडी पडू दे

“झेंडी पडू दे, बाई.”

सरावाला सिस्टर मॅटवर पालथी पडलेली असायची. गाल रायफलच्या दस्त्याला टेकलेला, नजर समोरच्या झेंड्यांवर, आणि तोंडातल्या तोंडात हे एवढंच. शेजारचे गोळ्या झाडून मोकळे व्हायचे आणि ही बोट चापाबाहेर ठेवून पडून. मी शाळेत खेळ शिकवते. शिट्टी झाली की पळायचं, हे मला कळतं. आपल्याला हवा तसा वारा येईस्तोवर पडून राहायचं, हे नुसतं बघूनसुद्धा मला कंटाळा यायचा.

“सिस्टर, वेळ जातो,” ती उठली की मी म्हणायचे.

“जाऊ दे. मला कुठं जायचंय?”

सगळेच तिला सिस्टर म्हणायचे. रोह्याच्या एका दवाखान्यात ती नर्स होती. शनिवारची रात्रपाळी संपवून सकाळच्या गाडीनं कासूला उतरायची आणि खाडीच्या बांधावरून चालत आमच्या रेंजवर यायची. मी पेणहून स्कूटरवर. रेंज म्हणजे एक बंद पडलेलं मिठागर. एका टोकाला मातीचा उंच ढिगारा, त्यापुढे टार्गेटच्या चौकटी, अलीकडे पत्र्याची शेड. क्लबच्या रायफली आळीपाळीनं वापरायच्या. क्लबची सेक्रेटरी मी होते, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं.

झेंड्यांचं सांगायला हवं. टार्गेटपर्यंतच्या मोकळ्या जागेत ठिकठिकाणी कामट्या रोवून त्यांना कापडाच्या पट्ट्या बांधतात. या रायफलची गोळी हलकी, वारा तिला बाजूला सारतो. पट्टी किती उचलली, कुठं वळली, त्यावरून नेम किती सरकवायचा ते ठरतं. बरेच जण वारा बदलेल तसा नेम बदलतात. सिस्टर तसं करत नसे. ती एकच वारा धरायची आणि तो परत येईल तेव्हाच गोळी भरायची. तिचा वारा म्हणजे वारा नसणं. डोंगराकडचा थकलाय, खाडीचा अजून उठलेला नाही, सगळ्या झेंड्या काठीला चिकटून लोंबतायत, अशी वेळ. आमच्या खाडीकाठच्या खाजणात ती फार टिकत नाही.

क्लबनं आणलेल्या झेंड्या तिला पसंत नव्हत्या. “ह्या झेंड्या हायत का गोधड्या? वादळ आलं तरच हलतील.” पुढच्या रविवारी ती स्वतःच्या विटलेल्या अबोली साडीच्या पट्ट्या शिवून घेऊन आली. आम्ही त्या लावत असताना बांधावरून पाट्या घेऊन बाया चालल्या होत्या.

“कुणाचा परचार गो ह्यो?”

“वाऱ्याचा!” सिस्टर ओरडली. “घडीघडीला पक्ष बदलतो.”

“मग निवडून येतोय बघ त्यो!”

बाया हसत पुढं गेल्या. सिस्टर हसली आणि लगेच तिला जांभई आली. तिचं हसणं जांभईतच संपायचं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी बसायला सांगितलं की आधी टेकायला भिंत कुठं आहे ते बघतात.

तिच्या नवऱ्याला अर्धांगवायू झालेला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. रात्री दवाखान्यातले पेशंट, दिवसा घरातला. रात्री त्याच्याजवळ शेजारची म्हातारी निजायला यायची. रविवारी सकाळपुरती नणंद निडीहून येऊन बसायची, म्हणून रेंज. एकदा शेडमध्ये चहा पिताना मी विचारलं, “सिस्टर, मिळाली सकाळ, तर घरी झोपत का नाही?”

“घरी झोपलं का हाक येते. नणंदेला पातेलं सापडत नाय, ह्यांना कूस बदलायची असते. इथं पालथं पडलं तर कुणी हाक मारत नाय. नियमच हाय तुमचा.”

खरं होतं. गोळीबार चालू असताना नेमबाजाशी बोलायचं नाही, हा नियम.

“घरी पण एक झेंडी लावलीय,” ती म्हणाली. “खिडकीच्या गजाला, ह्यांच्या खाटेशी. कंपन्यांकडून वारा आला का वास येतो नि ह्यांना खोकला लागतो. झेंडी आत वळली का खिडकी लावायची, पडली का उघडायची. ते बघत बसतात. वळली का डोळ्यांनी मला दाखवतात.”

त्याच चहाला तिनं राज्य स्पर्धेचं काढलं. जिल्ह्याच्या निवड चाचणीत ठरलेले गुण पडले, तर राज्याला पाठवत.

“तिथं दोन रात्री हॉस्टेलवर राहायचं असतं ना, बाई?”

“हो. खोलीत तीन-तीन खाटा. पंखा असेल-नसेल.”

“पंखा नको. दोन रात्री कुणी उठवणार नाय ना?”

मला वाटलं होतं तिला पदक हवंय. तिला खाट हवी होती. नणंदेनं कुरकुरत का होईना, दोन दिवस नि दोन रात्री कबूल केल्या होत्या. आता फक्त गुण पडायचे राहिले होते, आणि ते तिच्या हातात होते. आदल्या वर्षी वाऱ्याची वाट बघण्यात वेळ संपून तिच्या काही गोळ्या तशाच राहिल्या होत्या, एवढीच मला धास्ती.

चाचणी आमच्याच रेंजवर झाली. रेंज ऑफिसर, म्हणजे सुरक्षेला जबाबदार, मी. सिस्टर रात्रपाळी करूनच आली होती, कारण तिला बदली मिळाली नव्हती. सुरुवात छान झाली. झेंड्या लोंबत होत्या आणि तिच्या गोळ्या एकावर एक पडत होत्या. मग खाडीचा वारा उठला, पट्ट्या आडव्या झाल्या आणि ती थांबली. नेहमीप्रमाणे. मी घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. बोलायची सोय नव्हती.

बऱ्याच वेळानं वारा पडला. एकूण एक झेंडी खाली आली. सगळीकडून गोळ्या सुटल्या. सिस्टरची सुटली नाही.

मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. नेम धरणारा माणूस श्वास रोखतो. हिची पाठ संथ वरखाली होत होती. गालाखाली दस्ता ओला झाला होता. सिस्टर झोपली होती.

आणि हात बंदुकीवर होता. मी सरळ खाली बसले, रायफलवर हात दाबला आणि तिच्या खांद्याला हलवलं. “सिस्टर, बोल्ट उघडा.”

तिनं डोळे उघडायच्या आधी बोल्ट उघडला. आत गोळी नव्हती. तिचा वारा आल्याशिवाय भरायचीच नाही ती.

“झेंडी पडली?” तिनं विचारलं.

पडली होती, आणि पुन्हा उठलीही होती.

शेजारच्या तालुक्याचे एक गृहस्थ धावत आले. “मॅडम, ही बाहेरची मदत झाली!”

“बंदुकीवर माणूस झोपलं तर रेंज ऑफिसरनं काय अंगाई म्हणायची?” मी म्हटलं. “बसा जागेवर.” आजही मी तेच करीन.

उरलेल्या वेळात वाट बघणं शक्य नव्हतं. तिनं येईल त्या वाऱ्यात गोळ्या मारल्या, झेंड्यांकडे ओझरतं बघत, भरभर. सगळ्या संपवल्या. काही बऱ्या लागल्या, काही बाहेर गेल्या. गुण थोडक्यात हुकले.

ती मॅट गुंडाळत होती. “असू दे, बाई. राज्याची झोप जिल्ह्यालाच काढली,” म्हणाली आणि हसली. या वेळी जांभई आली नाही.

त्या पावसाळ्यानंतर ती आली नाही. नणंदेचे गुडघे गेले, रविवार बंद झाले. रेंजवर अबोली पट्ट्या उन्हापावसानं फाटत गेल्या. आम्ही नव्या आणल्या, जाडच निघाल्या.

एका सुट्टीत शाळेच्या कामानं रोह्याला गेले, तशी तिच्याकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. खाटेवर नवरा जागा. सिस्टर खाली जमिनीवर बसलेली, गाल खाटेच्या कडेला टेकलेला, एक हात त्याच्या मनगटावर. झोपली होती. पाठ संथ वरखाली होत होती.

मी केळी टेबलावर ठेवली आणि निघणार होते. तेवढ्यात त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीकडे. गजाला अबोली पट्टी होती. ती आत वळली होती.

मी जाऊन खिडकीची काचेची झडप लोटली. कडी गंजलेली, घातली असती तर करकरली असती. म्हणून झडप हातानं धरून उभी राहिले. गाडीची वेळ होत आली होती. तो काचेतून झेंडीकडे बघत होता, मीही बघत होते. अजून पडत नव्हती.