आईच्या फोटोमागची नीळ

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतला नाही, हे आधीच सांगतो. भिंतीतली ओल शोधणं हाच माझा धंदा. दोन पिनांचं मीटर भिंतीला टेकवायचं — हिरवा दिवा म्हणजे कोरडी, लाल म्हणजे ओली. भुताटकी आहे म्हणून बोलावलेल्या घरांतही मला शेवटी फुटका पाईपच सापडलाय.

कोलशेतला आमच्या जमिनीवर बिल्डिंग झाली तेव्हा आम्हा दोघा भावांना वरखाली फ्लॅट मिळाले. वर दादा-वहिनी, खाली मी आणि आई. आईची खोली बरोबर दादाच्या बाथरूमखाली. त्याने बाथरूम फोडून नवीन मार्बल घातला आणि आईच्या छताला काळी बुरशी धरायला लागली. पुसली तरी परत यायची. त्यात आईला दमा... खोकून खोकून बरगड्या दुखायच्या तिच्या.

मीटर लाल दाखवत होतं. दादा म्हणाला, "मीटर तुझं, दिवा पण तुझाच. प्रूफ आण, मग फोडतो."

मग आमच्या धंद्यातला जुना उपाय केला. सकाळी त्याच्या बाथरूमची जाळी बंद करून पाणी तुंबवलं आणि त्यात कपड्यांची नीळ कालवली. खाली निळं उतरलं की वाद मिटला. दिवसभर पाणी सोडायचं नाही, एवढं सांगून मी कामावर गेलो. संध्याकाळी आलो तर छताला निळा ठिपकासुद्धा नाही.

"आत्ताच सोडलं पाणी, दिवसभर होतं," दादा म्हणाला. "उतरलं काय?"

मी चिडलो तर आईनेच मला गप्प केलं. "आरं, तो खोटा कनाला बोलंल? नको भांडू."

त्याच पावसाळ्यात आई गेली.

दादा थोरला, म्हणून बाराव्यानंतर आईचा फोटो त्याच्या हॉलमध्ये लागला. थोड्या दिवसांनी वहिनीने मला वर बोलावलं. फोटोमागे उशीएवढा निळा डाग. त्या भिंतीत पाईप नाही, पलीकडे कोरडा जिना. हात लावला तर गार, ओला... तळवा निळा झाला. तिथेच पिना टेकवल्या — हिरवा. दुसरं मीटर आणलं, तरी हिरवाच. फोटो समोरच्या भिंतीवर लावला, तर डाग तिकडेही आला.

तेव्हा वहिनी रडत म्हणाली, "भावोजी, त्या दिवशी तुम्ही गेल्या गेल्या यांनी पाणी सोडून दिलेलं."

दादा खाली मान घालून उभा. त्याचा गळा धरावासा वाटला मला. अजून वाटतो.

आता फोटो माझ्याकडे, आईच्या खोलीत आहे. भिंत कोरडी आहे. दादाने बाथरूमही फोडून नीट करून घेतलं. छत पांढरं स्वच्छ आहे आणि खाली झोपायला कुणी नाही.

नीळ तर तेव्हाच गटारात गेलेली, मग भिंतीवर आली कुठून? दादा रोज खाली येतो. फोटो जरा सरकवून भिंतीवर हात ठेवतो, तळवा बघतो आणि वर जातो. आई खोकत होती तेव्हा त्याला हा एक जिना उतरायला वेळ नव्हता.