गेमचा लॅपटॉप

आमच्या घरात माझ्या मशीनला ‘गेमचा लॅपटॉप’ म्हणत. कीबोर्डखाली लाल दिवे होते आणि झाकणावर कसलासा ड्रॅगन होता, एवढाच त्याचा गुन्हा. त्यावर मी आयुष्यात एकही गेम खेळले नाही. इमारत उभी राहायच्या आधीच बिल्डरला गिऱ्हाइकाला तिची फिल्म दाखवायची असते, ती मी करायचे. न लावलेली झाडं, न बांधलेला जिना, बाल्कनीत चहा पिणारं, कुठेच नसलेलं कुटुंब. त्यासाठी दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि माझ्या आवाक्यात तसं कार्ड गेमवाल्या लॅपटॉपातच मिळायचं. हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं. तरी पाहुणे आले की नवरा हसत म्हणायचा, “ही काय, दिवसभर गेम खेळते.” पाहुणेही हसायचे.

मुलगी झाल्यावर मी नोकरी सोडली होती. पुण्याजवळ मांजरी गावात उसाच्या रानात टॉवर होणार होते, त्यांची फिल्म हे मला स्वतःच्या बळावर मिळालेलं पहिलं काम. अक्षय्य तृतीयेला बुकिंग उघडणार होतं आणि त्या दिवशी मंडपातल्या मोठ्या पडद्यावर फिल्म हवी होती. ती चांगली झाली तर पुढच्या टप्प्यांचं कामही मला देऊ, असं बिल्डरने कबूल केलं होतं. मला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की भाजी चिरतानाही डोळ्यांसमोर त्या टॉवरच्या गच्च्या यायच्या.

जुनं कार्ड मात्र रडत होतं. त्या मॉडेलमध्ये कार्ड काढून दुसरं बसवता यायचं, म्हणून मी नवं घेतलं आणि त्याबद्दल सगळं वाचून काढलं. नवं कार्ड जुन्याच्या जवळजवळ दुप्पट वीज खातं, आणि खाल्लेली वीज शेवटी उष्णता होऊन बसते. ती बाहेर वाहून न्यायला आत तांब्याची नळी आणि पंखा असतो. माझ्या मशीनमधली नळी जुन्या कार्डाच्या मापाची होती, म्हणजे तीही बदलायला हवी. जाड नळ्यांचा जोड पुण्यात मिळेना, मी तो बाहेरून मागवला. तो येईपर्यंत कार्ड खोक्यातच राहील, हे मी नवऱ्याला स्वच्छ मराठीत सांगितलं होतं.

एका रविवारी मी मुलीला घेऊन माहेरी गेले. संध्याकाळी कोथरूडला परत आले तर हा लॅपटॉपसमोर हाताची घडी घालून बसलेला. नवं कार्ड बसवलं होतं, जुन्याच नळीखाली. “सरप्राइज,” तो म्हणाला.

“अरे, नळी यायची होती ना?”

“बसलंय ना व्यवस्थित? मग झालं. मी आयटीत आहे, मला कळतं थोडंफार.”

शेजारच्या काकू तिथेच होत्या. “नशीबवान आहेस हो, किती हौशी नवरा,” त्या म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हौशी नवऱ्यावर चिडणारी बायको कशी दिसते हे मला ठाऊक होतं, म्हणून मी पोहे करायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी काम लावलं. कार्ड शंभर डिग्रीला टेकलं आणि मशीन स्वतःहून बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. खाली दोन वाट्या ठेवून उंच केलं, टेबलफॅन लावला, तरी तेच. जुनं कार्ड परत बसवावं, तर काढताना यानं त्याचा कोपराच मोडला होता आणि हे मला सांगितलंही नव्हतं.

सासरे तेव्हा अकोल्याहून आले होते. त्यांनी आल्या आल्या पुण्याच्या उन्हाला हसत, तरी सवयीने, कूलर घ्यायला लावला होता. “काहून घाबरतं व पोरी? आपल्या दुकानातली झेरॉक्स मशीन कूलरपुढंच चालते ना. लावून दे,” ते म्हणाले. मी नको म्हटलं, पाणी उडेल म्हटलं. मी आंघोळीला गेले तेवढ्यात बापलेकांनी कूलर लॅपटॉपच्या तोंडाशी आणून फुल केला. ओल्या जाळीतून वाऱ्याबरोबर तुषार येत होते. मी बाहेर आले तेव्हा कीबोर्ड घामेजला होता आणि पडदा काळा होता. तो पुन्हा उजळला नाही.

बिल्डरला फोन केला. “मॅडम, मुहूर्त तुमच्या लॅपटॉपसाठी थांबत नाही,” तो म्हणाला आणि काम येरवड्याच्या एका स्टुडिओला दिलं. पुढचे टप्पेही त्यांच्याकडेच गेले. सासऱ्यांना खरोखर वाईट वाटलं, ते जेवले नाहीत. नवरा म्हणाला, “एवढं काय, नवीन घेऊ.”

त्याच आठवड्यात मी जमिनीवर बसून लॅपटॉपचे स्क्रू काढत होते आणि याला ऑफिसातून फोन आला. सर्व्हरच्या खोलीत कोणीतरी न विचारता नवी मशीनं बसवायला घेतली होती. हा ताडकन उठला. “कोणाला विचारून? त्या खोलीचं कूलिंग जुन्या मशीनच्या हिशेबाचं आहे. आधी एसी वाढवा, मग मशीन आत न्या. उद्या सगळं जळलं तर जबाबदार कोण?”

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. त्याला कळत नव्हतं अशी मी स्वतःची समजूत घातली होती. त्याला सगळं कळत होतं. फोन ठेवल्यावर मी एवढंच विचारलं, “हे तुला माहीत होतं?”

तो गोंधळला नाही, ओशाळलाही नाही. लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला, “अगं, ते ऑफिसचं काम आहे.”

पुढच्याच महिन्यात मंगळसूत्र सोडून अंगावरचं सगळं सोनं मोडून मी नवं मशीन घेतलं आणि कर्वे रस्त्याच्या मागे एका दुकानावरचा पोटमाळा भाड्याने घेतला. वर पत्रा, खिडकी नावाला. आमच्या घरापेक्षा तिथे कितीतरी जास्त तापायचं. पण दाराला कुलूप होतं आणि त्याची किल्ली माझ्याकडे होती. मी तिथे असताना फोन केला की नवरा आधी विचारायचा, “ऑफिसात आहेस का? बोलू ना?”