उपाशीपोटी तीनशे बारा

गेल्या श्रावणात एका सकाळी आमच्या पनवेलच्या घरात तिघांनाही अकरा मिनिटांसाठी मधुमेह झाला होता.

मला तो गरोदरपणात निघालाच होता. "बाळंतपणानंतर बहुतेक जातो, पण दीड महिन्याने तपासणी करायचीच," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. बहुतेक! त्या एका शब्दाने माझी झोप उडवली (उरलेली मुलीने). तोवर धीर म्हणून नवरा रोज सकाळी घरच्या मशीनवर माझं बोट टोचायचा. आकडे छान येत होते.

मग विचुंब्याहून सासूबाई अळीव, गूळ आणि सहा नारळ घेऊन आल्या. "बालंतिनीला लाडू नाय? लोक काय म्हनतील?" शेवटी तडजोड झाली. उपाशीपोटी साखर नीट आली, तर मला अर्धा लाडू!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं लाडू वळत असताना नवऱ्याला टोचायची आठवण झाली. मी गाऊनला हात पुसून बोट पुढे केलं. तीनशे बारा!

"काय खाल्लंस?"

"शप्पथ, चहासुद्धा नाही!"

दुसरं बोट. दोनशे नव्वद!

"मशीनवर एवरा मोठा आकरा उगाच येल का?" सासूबाई म्हणाल्या. "खरं सांग गो, मी नाय वरडनार."

मला रडूच फुटलं. म्हणजे हे आता जन्माचं! घाबरून मी भडाभडा सगळं कबूल केलं. सातव्या महिन्यातली जिलेबी, कळंबोलीच्या मावशीकडचे दोन (बरं, चार!) गुलाबजाम, आणि डोहाळजेवणाचे ते पेढे, जे नवऱ्याने संपवले असं मी सगळ्यांना सांगितलं होतं.

मशीन बिघडलंय का बघायला नवऱ्याने नवी सुई लावून स्वतःला टोचलं. दोनशे ऐंशी! मग सासूबाईंना. तीनशे चाळीस!

"आता गो बाय! मना पन?"

तिघंही भिंतीला टेकून बसलो. शेवटी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "टोचण्याआधी हात धुतले होते का?"

आम्ही गुळाने माखलेल्या आपापल्या बोटांकडे पाहिलं. साबणाने धुऊन, पुसून पुन्हा टोचलं. माझा आकडा एक्क्याण्णव, त्या दोघांचेही नीट! (पुढे ठरलेली तपासणीही नीट आली. तेव्हा मी पुन्हा रडले, पण आनंदाने.)

"ते पेढे कुणी खाल्ले म्हणालीस?" नवऱ्याने शांतपणे विचारलं.

तेव्हापासून डब्यात एखादा लाडू कमी भरला, की मायलेक काही न विचारता माझ्याकडे बघतात. आणि वैताग म्हणजे, दर वेळी त्यांचं बरोबर असतं!