आईला घेऊन ड्रेकच्या खवळत्या समुद्रात

अंटार्क्टिकाच्या जहाजावर माझ्यासोबत मैत्रीण येणार होती. निघायला चार महिने उरलेले असताना तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि एक जागा रिकामी झाली. मी आईला विचारलं. आई सत्तरीची, अजिंठ्याजवळच्या मेंढपाळ घरात वाढलेली. तिनं समुद्र कधी पाहिलाच नव्हता. ती म्हणाली, "तू म्हणशील तसं." आधी वडिलांना आणि आता दादाला नि मला, तिचं उत्तर कायम हेच.

जायचा विचार करणाऱ्यांसाठी आधी कामाचं सांगते. आम्ही घरून, म्हणजे पडेगावहून, समृद्धी महामार्गानं मुंबई गाठली, मग विमानं बदलत ब्युनोस आयर्स आणि शेवटी अर्जेंटिनाच्या टोकाचं उशुआया. व्हिसा वेळेत काढा. दोघींचा खर्च एका बऱ्यापैकी चारचाकीएवढा आला. जाड जॅकेट आम्हाला जहाजावरच मिळालं, तेव्हा विकत घेण्याआधी चौकशी करा. शाकाहारी जेवण भरपूर असतं, तिखट मात्र विसरा.

उशुआयाहून संध्याकाळी निघालो. पहिले काही तास पाणी इतकं शांत होतं, की मी आईला म्हटलं, लोक उगाच घाबरवतात. मग जहाज खुल्या समुद्रात, ड्रेक पॅसेजमध्ये शिरलं आणि टेबलावरचा ग्लास भिंतीवर जाऊन आदळला. पुढचे दोन दिवस हेच चालतं.

माझं शहागंजात औषधांचं दुकान आहे. उलटीची गोळी प्रवासाआधी घ्या, असं मी गिऱ्हाइकांना रोज बजावते. स्वतः मात्र तो ग्लास आदळल्यावर घेतली. ही चूक करू नका. मी आडवी पडले ती पडलेच. आई मात्र पाय फाकवून, कठडा धरून चालायला दोन तासांत शिकली आणि जेवणघरातून माझ्यासाठी कोरडा टोस्ट नि हिरवं सफरचंद आणू लागली. ओढ्याच्या पुरातून कोकरू खांद्यावर घेऊन जाताना असंच चालावं लागायचं, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी घाईनं बाथरूमकडं धावले. तिथलं दार जड असतं, उघडं ठेवायचं तर कडी अडकवा असं सांगितलेलं होतं. मी ती अडकवली नाही. जहाज कललं, दार आपटलं आणि मला धरायला मागून आलेल्या आईची चौकटीवर टेकलेली दोन बोटं त्यात सापडली. ती बोटांना पदर गुंडाळून खाली बसली.

जहाजावरच्या डॉक्टरबाईंनी तपासलं. हाड शाबूत होतं, पण हात सुजला होता. किनाऱ्यावर रबरी बोटीनं जायचं, बोटीत चढताना खलाशाला घट्ट धरावं लागतं, म्हणून त्यांनी आईला उतरायची मनाई केली. मी आईला समजावलं, डेकवरून सगळं दिसतंच.

अंटार्क्टिकाला पोचल्यावर तीन दिवस बाकीचे उतरत राहिले. मीही गेले नाही, जाववलंच नाही. आई डेकवर उभी राहून बोटी भरताना बघायची. चौथा दिवस उतरण्याचा शेवटचा. सकाळी ती मला डॉक्टरबाईंकडं घेऊन गेली.

"तिला सांग, मला उतरायचंय," ती म्हणाली. "ती माणसं मनगटाच्या वर धरत्यात. त्याला बोटं लागत नाय."

मी भाषांतर करेपर्यंत आईनं चांगला हात पुढं केला होता. बाईंनी खलाशांसारखा तो कोपराखाली धरला, आईनंही त्यांचा तसाच पकडला, मग त्यांनी आपला हात सोडवून पाहिला. सुटेना. त्या हसल्या. पाणी शांत असेल आणि दोन खलाशी असतील तर जा, म्हणाल्या.

पाणी शांत होतं. बूट जंतुनाशकात बुडवून आम्ही उतरलो. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं असतं. मी फोटोसाठी बर्फातल्या एका चरात उभी राहिले, तर आईनं मला बाजूला ओढलं.

"वाटंत हुबी राहू नगंस. त्यांची जायची वाट हाय ती."

खरंच, थोड्या वेळानं त्याच चरातून चार पेंग्विन डुलत समुद्राकडं गेले. आई तासभर तिथून हलली नाही. इतकं खूष मी तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि हे सगळं मी तिला डेकवरून दाखवून भागवणार होते.

परतीच्या ड्रेकमध्ये गोळी वेळेवर घेतली. लाटा तेवढ्याच होत्या, पण जेवण पोटात राहिलं.

घरी आल्यावर दादा जेवायला आला. अजिंठ्याकडं आईच्या नावावर थोडी जमीन आहे, तिला गिऱ्हाईक आलंय, असं तो मला सांगू लागला. असे विषय आम्ही भावंडं आपसातच ठरवतो, आई फक्त सही करते.

"मला नाय इकायची," आई म्हणाली आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली.

दादानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "तिला विचार."