माझ्या हातचं पाणी

संस्थेच्या अध्यक्षांनी माझ्या हातातला ग्लास घ्यायला हात पुढे केला होता. सहज विचारावं तसं विचारलं, “कुठली गं तू?”

“निमगाव सावा.”

“गावातली का वस्तीवरची?”

“बौद्धवाडीतली.”

हात मागे गेला. आमचे सर लगबगीनं माझ्या कानाशी आले. “ग्लास ठेव तिथं. पाणी शिपाई देईल. तू मागं थांब.”

दोन हजार साल उलटून गेलं होतं. कॉलेजची प्रयोगशाळा होती. पीएच.डी. करणारी मुलगी होते मी.

पाणी विहिरीचं, पण साफ केलेलं मी. टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड उन्हात जंतू मारते, पण इतकी बारीक की नुसती टाकली तर पाणी दुधाळ होतं आणि पूड काही केल्या गाळून निघत नाही. ती कशावर तरी पक्की बसवावी लागते. काचेवर बसवली, वाळूवर बसवली, सुटायचीच. शेवटी जुन्नरच्या कुंभाराकडून फुटक्या माठांची खापरं आणली. लेप दिला, भट्टीत भाजली, पांढरं सुटायचं थांबेपर्यंत धुतली. गच्चीवर ऊन पडलं की तीच खापरं पाण्यातले जंतू मारायची. पाणी तपासून घेतलं, मग आधी मी प्याले, नंतर सर. तेव्हा सरांना माझी वाडी आठवली नाही.

शिपाईमामा ग्लास घ्यायला आले. माझं पाऊल आपोआप मागे सरकलं. आई जन्मभर अशीच बाजूला सरत आली. अध्यक्षांपेक्षा जास्त राग मला माझ्या त्या पायाचा आला. मी पुन्हा पुढे झाले.

“पाणी मी साफ केलंय. प्यायचं तर माझ्या हातनं. नाय तर राहू द्या.”

अध्यक्ष सरांकडे बघून हसले. “पोरगी लई बोलती, राव.” आणि न पिताच गाडीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, “माफी माग. एका शब्दाचं तर काम आहे. पीएच.डी. अडेल तुझी.” सर वाईट नाहीत, असं सगळेच सांगतात. मी म्हटलं, “माफी तुम्ही मागायची, सर. माझी.”

पीएच.डी. अडली. अडू दे. आमच्या घराच्या पत्र्यावर ऊन काही कमी पडत नाही, काम तिथं चालू आहे. बघायला कुणी आलं की मी आधी नाव सांगते, गाव सांगते, वाडी सांगते. मग ग्लास भरते. ज्याला हात मागे घ्यायचाय, त्यानं तो पुढेच करू नये.