कडीतली काठी

पुळणवाडीत कुलूप एकच होते, आणि ते ज्या दाराला होते त्या घरात कोणी राहत नव्हते.

रत्नागिरीच्या बंदरापासून हाकेच्या अंतरावर, भरतीच्या रेघेवरच्या वाळूत वसलेल्या या वाडीत एकेचाळीस घरे. उरलेल्या चाळीस घरांची रीत अशी की माणूस बाहेर पडले की दार ओढायचे, कडी घालायची आणि कडीत एक काठी सरकवायची. नुसती काठी असली तर समजायचे, बंदरावर गेले आहे, येईलच. काठीला फडके बांधलेले असले तर परगावी गेले आहे, मांजराकडे बघा. ही लिपी वाडीतल्या लहान पोरांनाही वाचता येत असे, आणि तिच्यात इतक्या वर्षांत एकही चोरी नोंदलेली नव्हती.

हौसा होडेकर हिच्या दाराची काठी म्हणजे तुटक्या वल्ह्याचा वीतभर तुकडा होता. बत्तीस वर्षांपूर्वी ती एकोणीस वर्षांची नवरी होऊन आली तेव्हा घर झावळ्यांच्या कुडाचे होते. कडी लावावी असे दारच नव्हते. पुढे नवरा बाबल्या मुंबईच्या गोदीत लागला आणि गणपती-शिमग्यापुरता घरचा उरला. हौसा सकाळी बंदरावर लिलावाची पुकार करी, दुपारी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन गावात फिरे, आणि संध्याकाळी त्याच डोक्यावर जांभ्याचे चिरे वाही. चार वर्षांत चार भिंती झाल्या. मग दार आले, कडी आली, आणि कडीमागून काठी आली. घर तिचे होते. जमीन मात्र सरकारची होती, तिचीच नव्हे, सगळ्या वाडीची.

यंदा सरकारी जागेवरची जुनी घरे रहिवाशांच्या नावे करण्याचे ठरले, आणि पाहणी करणारे पथक वाडीत आले. ते आले सकाळी दहाला. त्या वेळी पुरुष दर्यावर, बाया लिलावात आणि मुले शाळेत. पथकाच्या तक्त्यात तीनच रकाने होते: 'राहते', 'तात्पुरते कुलूपबंद' आणि 'वापरात नाही'. अकरा घरांत म्हातारी माणसे सापडली, ती राहती ठरली. एका दाराला पितळी कुलूप होते, ते तात्पुरते बंद ठरले, म्हणजे मालकाचा हक्क शाबूत. उरलेल्या एकोणतीस दारांना ना माणूस ना कुलूप, नुसती एक काठी. ती वापरात नसलेली ठरली. तक्त्याला घरात बसणारा माणूस ठाऊक होता आणि कुलूप लावून जाणारा ठाऊक होता. शेजाऱ्याच्या भरवशावर दार सोडून जाणाऱ्यासाठी त्यात जागा नव्हती. ज्यांचा एकमेकांवर सर्वांत अधिक विश्वास, ते कागदोपत्री बेघर झाले.

कचेरीच्या फलकावरची यादी हौसाच्या सुनेने, दर्शनाने, मोबाइलवर टिपून आणली.

"आई, सतरा नंबर, आपलं घर. पुढं लिवलंय, 'वापरात नाही'."

"म्हंजे?"

"म्हंजे आपण हितं राहत नाय."

"मग काल तुझ्या हातची आमटी कोण जेवलं गो? एवढी खारट, ती काय भुतानं खाल्लीन?"

दर्शना हसली, पण तिने पुढचे वाचले तेव्हा दोघींचेही हसू थांबले. पंधरा दिवसांत हरकत नोंदवायची, फेरपाहणी एकदाच होणार, आणि तीत वास्तव्य आढळले नाही तर घर काढून टाकण्याची नोटीस. हौसाने कडीकडे पाहिले. चिऱ्यांचा तो भार तिच्या मानेला अजून आठवत होता.

दुसऱ्या दिवशी ती रिकामी पाटी घेऊनच घरोघर फिरली, कारण पाटीवाचून कोणाच्या दारात उभे राहायचे कसे, हे तिला ठाऊकच नव्हते. संध्याकाळी देवळापुढच्या अंगणात सभा भरली. वाडीच्या इतिहासातली ही पहिली सभा. कोणी आधी बोलायचे हे ठरले नसल्यामुळे सगळेच एकदम बोलले, आणि अर्ध्या तासाने अध्यक्ष हवा असे निघाले.

"यमुनाबायला करा," वाडीच्या सामाईक जाळ्याचा म्होरक्या, सत्तरीचा धाकू तांडेल म्हणाला. "ती सगळ्यांशी भांडलीय. कुणाची बाजू घेतलीन असं कोण म्हणंल?"

"तुझ्याशी अजून पुरतं भांडले नाय, धाक्या," यमुनाबाई म्हणाली. "पण होतंय मी अध्यक्ष."

कार्यवाह हौसा झाली. अडचण एवढीच की सांडपाण्याच्या एका चरावरून अध्यक्ष आणि कार्यवाह सहा वर्षे एकमेकींशी बोलत नव्हत्या. तेव्हा संघटनेचा सारा व्यवहार धाकूच्या मध्यस्थीने चाले. "तिला सांग, अर्ज सरळ घडी कर," असे अध्यक्षांनी दोन हातांवरून म्हणायचे, आणि "हिला सांग, डोळे हायत मला," असे कार्यवाहांनी उत्तर द्यायचे. धाकू दोन्ही वाक्ये जशीच्या तशी पुन्हा उच्चारी. विधिमंडळाला शोभेल अशा गांभीर्याने एकोणतीस अर्ज तयार झाले. दर्शनाने एकच मजकूर लिहिला होता, पण प्रत्येकीला त्यात आपले काही घालायचे होते. यमुनाबाईच्या शेजारच्या दीपालीच्या अर्जात तिच्या शेळीचेही वास्तव्य नमूद झाले.

चाळीस अर्जदारांची ताकद एक असते आणि एकोणतिसांची एक, म्हणून ज्यांची घरे 'राहती' ठरली होती तेही अंगणात येऊन बसत. सोय म्हणून नव्हे; आपले घर राहिले आणि शेजारचे गेले तर काठी कोणासाठी वाचायची, हा त्यांचा प्रश्न होता.

फक्त एक फोन आला. कुलूपवाले घर हौसाच्या दिराचे, सोनूचे होते. तो चौदा वर्षे मुंबईत होता.

"वहिनी, माझ्या घराचं काय बोलू नका हां. आपोआप झालंय ते."

हौसाने हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. "जेवलास का?" असे विचारून तिने फोन ठेवला.

फेरपाहणीसाठी मंगळवार, सकाळी अकराची वेळ मिळाली. सभेत सर्वांनी देवळाच्या पायरीला हात लावून कबूल केले: त्या दिवशी बंदर नाही, बाजार नाही, कोणी उंबरा ओलांडायचा नाही. मंगळवारी चाळीस दारे सताड उघडी होती. दारोदार रांगोळ्या होत्या. जन्मात दुपारपूर्वी घरी न दिसलेल्या बाया आपापल्या ओटीवर पाहुण्यांसारख्या अवघडून बसल्या होत्या.

दहा वाजता धाकूने दर्याकडे पाहिले आणि तो उभा राहिला.

किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पाण्याचा एक पट्टा काळसर झाला होता. त्याच्यावर पाखरे कोसळत होती आणि पाणी उकळल्यासारखे तडतडत होते. बांगड्यांचा एवढा मोठा थवा इतक्या जवळ तीन वर्षांत आला नव्हता.

प्रत्येकाने दर्याकडे पाहिले, मग शेजाऱ्याकडे, मग देवळाच्या पायरीकडे. कार्यवाह या नात्याने हौसाने उठून सर्वांना बजावायला हवे होते. ती उठलीही. पण पुढच्या क्षणी तिच्या ध्यानात आले की तिच्या हाताने दार ओढले आहे, कडी घातली आहे आणि वल्ह्याचा तुकडा आत सरकवला आहे. हाताला कोणी विचारलेच नव्हते. तिने मागे वळून पाहिले तो सगळ्या वाडीत कड्यांचा एकच खडखडाट चालला होता, आणि म्हातारीकोतारीसुद्धा पुळणीकडे धावत होती.

किनाऱ्यावरून ओढायचे ते सामाईक जाळे म्हणजे रापण. होडीने ती अर्धगोल टाकून आणली, आणि दोन टोकांचे दोन दोर किनाऱ्यावर आले. उत्तरेच्या वीस घरांनी एक दोर धरला, दक्षिणेच्या वीस घरांनी दुसरा. दोरावर उभे राहण्याचा क्रम घरांचा जो क्रम तोच. हे कोणी ठरवले हे कोणालाच माहीत नव्हते, आणि तो मोडण्याचे कोणाच्या मनातही येत नव्हते.

"हौशे, ओढ! झोपलीस काय?"

हौसाने चमकून पाहिले. ओरडणारी यमुनाबाई होती. मध्ये धाकू नव्हता.

"ओढतंय! तू तुझे पाय बघ, अध्यक्षीण!"

सहा वर्षांचा अबोला असा लाटेत वाहून गेला, आणि त्याकडे लक्ष द्यायला दोघींनाही सवड नव्हती. नेमक्या त्याच वेळी वाडीच्या तोंडाशी जीप थांबली.

भूमापक महिपत जगदाळे सांगलीकडचा माणूस. खाली उतरून त्याने पाहिले: चाळीस रांगोळ्या, चाळीस कड्या, चाळीस काठ्या. दोरावरून हौसाला तो दिसला. त्याने खिशातून पेन काढले तेही दिसले. दोर सोडावा तर जाळे पडणार आणि वाडीची मासळी जाणार. न सोडावा तर सतरा नंबर जाणार. मग तिने तिच्याकडे होती ती एकच गोष्ट वापरली, लिलावातला आवाज.

"ओ सायेब! हितं या! आमी हितं राहतो!"

बूट वाळूत रुतवत महिपत आला. "अहो बाई, नियमात घरात माणूस पाहिजे. तुम्ही सगळी हितं काय करतायसा?"

"दोर सोडला तर बांगडा जाईल. तुमचा नियम दोर धरंल काय?"

"मी नोंद कशी करू मग?"

"हजेरी घ्या! नंबरानं उभे आहोत आमी." आणि त्याने होय-नाही म्हणण्यापूर्वीच तिने पुकार सुरू केली. "एक नंबर!"

"हाय!"

"दोन नंबर!"

"हाय, गुडघा दुखतोय तरी हाय!"

"आठ नंबर!"

"अध्यक्ष हाय!" यमुनाबाई गरजली.

"नऊ!"

"हाय सायेब! साडी भिजलीय, तसं लिवा!" ही दीपाली. "शेळी घरी हाय, तिची येगळी हजेरी घ्या!"

महिपतने यादी उघडली. नावे त्याच क्रमाने येत होती, एकही मागेपुढे नाही. त्याचे बोट ओळींवरून धावू लागले आणि त्याच्या चेहऱ्यावर, कितीही आवरले तरी, हसू येऊ लागले. सोळा झाले. सतरा नंबरला हौसाने स्वतःच "सतरा!" अशी हाक मारली आणि स्वतःच "हाय!" असे उत्तर दिले, आणि तेवढ्यात मोठी लाट आली. दोराला हिसका बसला, माणसे घसरली. "धरा की सायेब!" असे कोणीतरी ओरडले. महिपतने यादी सदऱ्यात खुपसली आणि दोर धरला.

पुढची वीस मिनिटे पाहणी स्थगित होती.

जाळे वर आले तेव्हा पुळण चांदीसारखी थडथडत होती. मुले नाचत होती, आणि धाकू तांडेल आपल्या वयाला न शोभणारी एक उडी मारून वाळूत बसला होता. वाटे पडू लागले. रापणीत माणूस मोजत नाहीत, घर मोजतात. वाडीत राहणाऱ्या प्रत्येक घराचा एक वाटा, मग त्या दिवशी दोरावर त्यातले एक असो की चार. महिपत गुडघ्यापर्यंत भिजलेला उभा होता. धाकूने ही रीत सांगितली तसे त्याने वाटे मोजले.

"चाळीस. यादीत एकेचाळीस घरं हैत."

हसणे ओसरले. प्रत्येक वाट्यातून दोन-दोन मासे उचलले असते तर एकेचाळिसावा वाटा क्षणात उभा राहिला असता, आणि तो मांडायचा राहिला होता असे म्हटले की महिपतने ते मानलेही असते. हौसाने चाळीस ढिगांकडे पाहिले. त्यातला एक तिचा होता. जो तक्ता खोटा बोलला म्हणून ती पंधरा दिवस ओरडत होती, त्याच्यावर आता तिच्या खोट्याची भर पडणार होती.

"एकेचाळिसावं माझ्या दिराचं," ती म्हणाली. "कुलपाचं. चौदा वरसं झाली, त्याचा वाटा बंद हाय. कुलूप मासे खात नाय, सायेब."

आधी यमुनाबाई हसली, मग सगळी पुळण हसली. महिपतने मात्र हसता हसता तिच्याकडे नीट पाहिले, आणि ओली यादी पुन्हा बाहेर काढली. "चला," तो म्हणाला, "आता घरं दाखवा."

चाळीस काठ्या निघाल्या. आत कुठे विळीवर अर्धा चिरलेला कांदा होता, कुठे एकच बाही इस्त्री केलेला शर्ट, कुठे केसांसकट पडलेली फणी. हौसाच्या घरात बशीत ओतलेला चहा तसाच थंड झाला होता. इतकी ताजी अर्धवट कामे रिकाम्या घरात सापडत नाहीत, हे कळायला भूमापनशास्त्र लागत नाही.

"पहिल्या वेळी बंद का होतं? कारण लिहावं लागतंय."

"बंद कुठं होतं? काठी होती."

महिपतने थोडा विचार केला आणि काहीतरी लिहिले.

निघताना धाकूने त्याच्यापुढे पाच बांगडे धरले. ते ओढणाऱ्याच्या कष्टाचे होते. पण महिपतने हात मागे घेतला. "पाहणीच्या दिवशी न्हाई घेता येत."

"आणि घरवाटा तर मिळायचा नाय," हौसा म्हणाली. "वाडीत राहता त्याचा पुरावा हाय काय तुमच्याकडं?"

महिपत जीपमध्ये बसेपर्यंत हसत होता.

महिन्याने अंतिम यादी लागली. हौसा पाटी डोक्यावर घेऊनच कचेरीत गेली, आणि फलकापुढे उभी राहून बोट लावून वाचू लागली. सतरा नंबर: 'दारास काठी. वास्तव्य आढळले.' तिने वर वाचले, खाली वाचले. सरकारी छापील अक्षरांत, शिक्क्यासकट, ते दोन शब्द चाळीस वेळा उतरले होते: दारास काठी, दारास काठी, दारास काठी. एकेचाळिसाव्या ओळीत तेवढे 'कुलूप. वास्तव्य आढळले नाही' असे होते. सोनूला आज फोन करायला हवा होता. येऊन राहिलास तर वाटा चालू करू, हे त्याला सांगायला हवे होते. पण ते नंतर. आधी तिने खाकरून घसा साफ केला, आणि कचेरीच्या त्या गंभीर ओसरीत, लिलावाच्या आवाजात, एक नंबरपासून यादीची पुकार सुरू केली.

"बाई, इथं ओरडू नका," आतून कारकून म्हणाला.

"दोन नंबर!" हौसा म्हणाली. "दारास काठी!"