अनिल पाटीलचा स्टू

ओहायोतल्या डब्लिनमध्ये आमचा दहा-बारा मराठी माणसांचा एक ग्रुप होता. दर दुसऱ्या शनिवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जमायचं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा आणि आपण किती सुधारलो आहोत हे एकमेकांना ऐकवायचं, असा कार्यक्रम असे. सुधारणा मोजायचं माप एकच होतं, बीफ. जो खातो तो पुढारलेला. जो खात नाही तो अजून विमानातून उतरायचाच आहे, असं समजायचं.

या सुधारणेची तात्त्विक बाजू दिगंबर सांभाळायचा. हातात वाडगा घेऊन तो दर वेळी तेच सांगायचा, की इथली गाय वेगळी, ती आपल्या पुराणातली नव्हे, तेव्हा तिला खाल्लं तर काही बिघडत नाही. पुण्याला फोन लावला की मात्र हाच माणूस आईला आपण सॅलड खाल्ल्याचं सांगायचा. गिरीश आणि चैत्राली हे जोडपं ग्रुपचे मालक असल्यासारखं वागे. गिरीश नव्या माणसाला भेटला की पाच मिनिटांत त्याचं गाव, आडनाव आणि त्यातून जे जे निघेल ते सगळं काढून घ्यायचा, आणि सहाव्या मिनिटाला 'आम्ही जातपात मानत नाही' असं त्याला सांगून टाकायचा.

गंमत म्हणजे या लोकांना बीफ शिजवता येत नव्हतं. हॉटेलात जाऊन खायचं धाडस होतं, पण घरच्या भांड्यात शिजवायचं म्हटलं की सगळ्यांना आपापल्या देव्हाऱ्याची आठवण व्हायची. ते काम अनिल पाटीलवर सोपवलेलं होतं.

अनिल माझा रूममेट. नागपूरचा, एका बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरणारा. बोलण्याआधी घसा साफ करायचा आणि मग बहुतेक वेळा बोलायचाच नाही. २००२ साली आमच्या कंपनीने निम्मी माणसं घरी बसवली, तेव्हा तो चार महिने बिनकामाचा होता. त्या काळात त्याने एका गराज सेलमधून एक जुना स्लो कुकर उचलून आणला. त्यात शनिवारी सकाळी तो स्टू लावायचा. बीफचे मोठे तुकडे आधी आलं-लसणात परतायचे, मग बटाटा, गाजर, सेलरी, टोमॅटो घालायचे आणि शेवटी भाजलेलं ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून लावायचं. त्याने रस्सा दाट व्हायचा. दुपारी झाकण काढलं की शेजारची अमेरिकन म्हातारीसुद्धा कसलं तरी निमित्त काढून दार वाजवायची.

पहिल्यांदा हा स्टू खाल्ल्यावर चैत्रालीने रेसिपी कुणाची म्हणून विचारलं. कुकरबरोबर पुस्तिका आली होती, असं अनिल म्हणाला. गराज सेलमधल्या कुकरला कसली आलीय पुस्तिका? त्याला तर मूळचं झाकणसुद्धा नव्हतं. रेसिपी त्याच्या आईची होती. कॉलिंग कार्डवरून नागपूरला फोन लावून त्याने ती लिहून घेतली होती, आणि मी शेजारी बसून ऐकलं होतं.

खोटं बोलायचं कारणही मला माहीत होतं. अनिल बौद्ध. त्याच्या कपाटाच्या दाराला आतून बुद्धाची एक छोटी तसबीर होती, आणि कपाट उघडं असताना कुणी आलं की तो ते पायाने लोटायचा. आडनाव पाटील असल्यामुळे ग्रुपमध्ये निभावून जात होतं. महाराष्ट्रात पाटील कुणीही असू शकतो. गिरीशने पहिल्याच भेटीत 'कुठले पाटील?' म्हणून विचारलं होतं. अनिलने 'नागपूरकडचे' एवढंच सांगितलं. गिरीशने स्वतःच ठरवून टाकलं, की म्हणजे जमीनदार, मोठी शेतीवाडी असणार. अनिलने घसा साफ केला आणि 'हूं' म्हटलं. त्या एका 'हूं'वर त्याने तीन वर्षं काढली.

२००५च्या नोव्हेंबरात त्याची आई सहा महिन्यांसाठी आली. शोभनाकाकू नागपूरच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं आया होत्या. त्या तीस वर्षांत डबा खाताना बाकीच्या बायका त्यांच्यापासून चार हात लांब बसत आल्या, हे अनिलने मला एकदा सांगितलं होतं. त्या यायच्या आदल्या दिवशी तो मला म्हणाला, "सहा महिने यार. एवढे सहा महिने तिला इथे कुणी काही म्हणू नये, बस." त्याला दुसरं काहीच नको होतं. आईलाही त्याने बजावून ठेवलं, की या लोकांसमोर घरचं काही काढू नकोस. काकू म्हणाल्या, की मी आपणहून तोंड उघडणार नाही, पण कुणी विचारलं तर खोटंही सांगणार नाही.

जानेवारीत आमची पाळी आली. बाहेर गुडघाभर बर्फ होता. अनिलला त्या शनिवारी सकाळी ऑफिसने बोलावून घेतलं, म्हणून स्टू काकूंनी लावला. दुपारी मंडळी जमली, कागदी बाऊल भरले गेले. दिगंबर इथल्या गायीवर बोलायचं विसरून खात सुटला. संध्याने, जी एरवी 'मी फक्त रस्सा घेते' म्हणून तुकडे गुपचूप उचलायची, या वेळी उघड उघड तुकडे घेतले. गिरीशची सात वर्षांची मुलगी स्वानंदी एरवी पिझ्झ्याशिवाय कशाला शिवत नसे, तिने बाऊल चाटून पुसून साफ केला. अनिल तेवढ्यात ऑफिसातून आला होता आणि कोट न काढताच दाराशी उभा राहून सगळ्यांची तोंडं पाहत होता. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

चैत्रालीने त्याला आज वेगळं काय केलंस म्हणून विचारलं. अनिलने घसा साफ केला आणि नवीन पुस्तिका आणलीय म्हणून सांगितलं. मग सगळे त्या पुस्तिकेचं कौतुक करायला लागले. अमेरिकन लोकांचं असंच असतं, सगळं मोजून-मापून, नाहीतर आपल्याकडे सगळं अंदाजपंचे. पाच मिनिटं पुस्तिकेची आरती चालली होती. काकू कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ते ऐकत होत्या. त्यांच्या सासूची रेसिपी डोळ्यांदेखत कुणा अमेरिकन छापखान्याच्या नावावर चढत होती, तरी त्या गप्प होत्या. त्या गप्पच राहिल्या असत्या. पण चैत्रालीला त्यांच्या मोठेपणाचं कौतुक करायचा झटका आला.

"काकू, तुम्ही पण बीफ खाता? किती ओपन माइंडेड आहात हो."

"खाते म्हणजे? मीच केलंय ना हे," काकू म्हणाल्या. "आमच्या घरी रविवारी हेच राहायचं. मोठ्याचं मटण, बटाटा, गाजर. माझ्या सासूनं शिकवलं मला."

अनिलने कोटाची चेन वर ओढली, जशी काही तो पुन्हा बाहेर निघाला होता. गिरीश खुर्चीत पुढे सरकला. तीन वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेलं काम त्याला पूर्ण करायचं होतं.

"तुमच्या घरी म्हणजे... काकू, तुम्ही कुठले पाटील?"

"आम्ही बौद्ध. नागपूरचे."

कुणी काही बोललं नाही. तिथेच तर सुधारणा दिसते. गावाकडे निदान कुणीतरी उठून चार शब्द बोललं असतं, म्हणजे उलट चार शब्द ऐकवायची सोय राहिली असती. इथे सगळं सभ्यपणे झालं. दिगंबरचा चमचा बाऊलमध्ये परत गेला. इथली गाय वेगळी होती, पण शिजवणारी तिकडची निघाली, त्याला त्याच्या तत्त्वज्ञानात जागा नव्हती. संध्याला एकदम पोट भरल्यासारखं झालं. गिरीशला एक फोन आठवला. चैत्रालीने आपल्या बाऊलवर पेपर नॅपकिन पसरला, एखाद्याच्या तोंडावर चादर ओढावी तसा. ज्यांनी बीफ खाल्ल्याची टिमकी वर्षानुवर्षं वाजवली त्यांचे चेहरे असे झाले होते, की त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी निषिद्ध खाल्ल्यासारखं वाटत असावं. बर्फ वाढेल असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं.

"मॉम, कॅन आय हॅव मोर?" स्वानंदीने विचारलं.

"नो बेटा, वी आर लीव्हिंग," चैत्राली म्हणाली आणि तिच्या हातातला रिकामा बाऊल काढून घेतला.

मी सगळ्यांचे कोट आणून दिले. जाताना प्रत्येक जण काकूंना वाकून नमस्कार करून गेला. पायांना हात मात्र कुणाचा लागला नाही.

दार लागल्यावर काकू टेबल आवरू लागल्या. अर्धे भरलेले बाऊल त्यांनी ओट्यावर ओळीने मांडले. अनिल त्यांच्या मागे उभा राहिला. घसा साफ न करताच तो बोलला.

"आई, मीठ जरा जास्त झालं होतं. यांना सवय नसते ना, म्हणून."

काकूंनी कुकरचं झाकण काढलं, चमचाभर रस्सा तळहातावर घेऊन चाखला आणि झाकण परत लावलं.

"मीठ बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मला वाचवायला माझ्या हाताला नावं ठेवू नको."

अनिल तिथेच खाली बसला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. एकेक बाऊल उचलून त्या कचऱ्यात टाकत राहिल्या. मी दारात उभा राहून मनातल्या मनात त्या सगळ्या सुधारकांना शिव्या घालत होतो. चांगल्या निवडक शिव्या सुचत होत्या.

कागदी बाऊल संपले आणि एक स्टीलची वाटी उरली. निम्मी भरलेली.

"ही तुझी ना?" काकूंनी मला विचारलं.

माझीच होती. घरचा म्हणून मी स्टीलची घेतली होती. काकूंनी जात सांगितली तेव्हा सगळ्यांबरोबर माझाही हात थांबला होता आणि वाटी मी कधी खाली ठेवली ते मला आठवत नव्हतं. मला तर सगळं आधीपासून माहीत होतं. तीन वर्षं मी तोच स्टू खात होतो.

"हो काकू. द्या, मी खातो."

"राहू दे. थंड झालं."

त्यांनी वाटी कचऱ्यात पालथी केली. मग ती नळाखाली घासली, फडक्याने कोरडी केली, आणि कपाटात बाकीच्या भांड्यांबरोबर न ठेवता माझ्या हातात दिली.